एकाच पॅनमधली बीफ मॅकरोनी, खोक्याशिवाय

ओहायोत आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी आणि माझे दोन रूममेट जगलो ते डाळभात, अंडी आणि ग्रोसरी स्टोअरमधल्या एका खोक्यावर. हॅम्बर्गर हेल्पर. खोक्यात थोडी मॅकरोनी आणि पावडरचं एक पाकीट, बाकी खिमा तुमचा, दूध तुमचं, पाणी तुमचं आणि परतायचंही तुम्हीच, म्हणजे काम सगळं आपण करायचं आणि हेल्पर म्हणून नाव त्याचं. जनरल मिल्सने हे १९७१ मध्ये देशभर आणलं, तेव्हा बीफ महाग होत चाललं होतं आणि एका पाउंडात अख्ख्या घराचं जेवण भागवायचं ही आयडिया लोकांना पटली. आयडिया तशी जुनीच होती म्हणा. मिडवेस्टातल्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या, आज्या आधीपासून खिमा, टोमॅटो आणि मॅकरोनी एकत्र शिजवून त्याला गुलाश म्हणायच्या (हंगेरीतल्या गुलाशशी नातं फार तर पॅप्रिकापुरतं, म्हणजे त्या सौम्य लाल मिरचीच्या पुडीपुरतं), अमेरिकेच्याच ईशान्येला न्यू इंग्लंडात जवळपास हाच प्रकार अमेरिकन चॉप सुई म्हणून खातात, त्याचाही चीनशी काही संबंध नाही, आणि आमच्या कोलंबसमध्ये ओव्हनमध्ये भाजलेली याचीच बहीण आहे, जॉनी मार्झेटी. खोकेवाल्यांनी घरचीच गोष्ट पाकिटात भरली एवढंच.

तर सांगायचं हे की खोका नसला तरी हे अर्ध्या-पाऊण तासात होतं, भांडं एकच पडतं, आणि चव कितीतरी बरी येते. अट एकच, पहिली दहा मिनिटं घाई करायची नाही.

मला हा प्रकार नीट कळला तो आईमुळे, आणि तिने तर आयुष्यात पास्ता केलेला नाही. फोनवर ती सांगत होती की आज वरणफळं केलीत, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला की अरे, हे तेच! वरणफळं म्हणा नाहीतर चकोल्या म्हणा, कणकेचे तुकडे आपण वेगळे उकडून पाणी फेकून देतो का? नाही ना, उकळत्या वरणातच सोडतो, ती फळं वरण पितात आणि कणकेचं पीठ सुटून वरण आळतं. मॅकरोनीचं डिट्टो तसंच. वेगळ्या पातेल्यात उकडून गाळली की सगळा स्टार्च सिंकमध्ये जातो, आणि मग सॉस दाट करायला मैदा नाहीतर कॉर्नस्टार्च शोधत बसा. त्यापेक्षा मोजक्या पाण्यात, त्याच पॅनमध्ये शिजवली तर पाणी कुठेच जात नाही, त्याचाच सॉस होतो. अंगाबरोबरचा रस म्हणतो ना आपण, तेवढाच उरायला हवा.

आता बीफबद्दल दोन शब्द, म्हणजे नंतर विचारायला नको. मी सांगलीचा, घरी मटण-चिकन चालायचं पण बीफ नाही, आई इथे आली की मी हेच टर्कीच्या खिम्याचं करतो आणि ती मिटक्या मारत खाते. बायको वसईची ख्रिश्चन, तिला बीफचं काही नवल नाही, ती उलट मला शिकवते. ज्यांना चालत नाही त्यांनी मटण खिमा, टर्की, चिकन काहीही घ्या. महाराष्ट्रात गाय-बैलाचं मांस २०१५ पासून कायद्याने बंद आहे, म्हशीचं मिळतं, तर त्याचा खिमा वापरणार असाल तर ते मांस कमी चरबीचं असतं म्हणून तेल चमचाभर जास्त घाला आणि शिजायलाही पाच-दहा मिनिटं जास्त धरा.

इथल्या दुकानात खिम्याच्या पॅकवर ८०/२०, ८५/१५, ९३/७ असे आकडे असतात. पहिला आकडा मांस, दुसरा चरबी. बर्गरला ८०/२० भारी, पण आपल्या या पदार्थात चरबी पॅनमध्येच राहते, वर चीज पडतं, मग तुपाचा तवंग आल्यासारखं दिसतं. ९३/७ घेतला तर कोरडा, भुसा खाल्ल्यासारखा लागतो. मी ८५/१५ घेतो, एक पाउंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. पॅक उघडल्यावर वरून लाल आणि आतून तपकिरी दिसला तर लगेच घाबरू नका, आत हवा पोचत नाही म्हणून रंग तसा होतो, वास घ्या, आंबूस किंवा चिकट लागला तरच फेका. फ्रोझन असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवून ठेवा, ओट्यावर दिवसभर ठेवू नका.

आणि प्लीज खिमा धुऊ नका. मला माहितीये, आपल्याकडे चाळणीत घेऊन तीन पाण्यांतून काढल्याशिवाय चैन पडत नाही, मीही करायचो. पण इथला पॅकबंद खिमा धुतला की दोन गोष्टी होतात, एक म्हणजे कच्च्या मांसाचं पाणी सिंकभर उडतं, आणि दुसरं म्हणजे ओला खिमा पॅनमध्ये परतला जात नाही, उकडतो. तो राखाडी रंगाचा, रबरासारखा गोळा-गोळा खिमा जो होतो ना, तो त्यामुळेच. धुवायच्या ऐवजी कागदी टॉवेलने वरवर टिपून घ्या.

भांडं कसलं? बारा इंची, खोलगट, झाकण असलेलं. स्टीलचं जाड बुडाचं असेल तर उत्तम. नॉनस्टिक चालतं पण खाली तो खरपूस थर धरत नाही, त्यामुळे चवीत जरा फरक पडतो. बिडाचं पण चालेल, फक्त टोमॅटो आंबट असतो, नव्या बिडाच्या पॅनला फार वेळ त्यात ठेवलं तर त्याचं सीझनिंग, म्हणजे तेलाचा मुरलेला थर, उतरतं आणि लोखंडाची चव येते. जुनं, मुरलेलं असेल तर बिनधास्त.

सामान चार जणांचं सांगतो, दोन भुकेले आणि दोन बरे असे धरून. खिमा एक पाउंड, एक मोठा कांदा बारीक चिरून, लसणाच्या चार पाकळ्या, टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे, टोमॅटो सॉसचा छोटा आठ औंसाचा डबा (केचप नव्हे हां, केचप गोड असतं), पॅप्रिका दोन छोटे चमचे, मोहरीची पूड अर्धा चमचा, मिरपूड, एक चमचा वूस्टरशायर सॉस, त्यात अँकोव्ही म्हणजे मासळी असते हे मासे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बीफ ब्रॉथ, म्हणजे मांस-हाडं उकळून केलेलं पातळ सूप, दोन कप, कमी मिठाचा घ्या, नाहीतर शेवटी चीज पडल्यावर खारट ढाण होतं. एल्बो मॅकरोनी आठ औंस, म्हणजे २२५ ग्रॅमच्या आसपास, साधारण दोन कप. दूध अर्धा कप, फुल फॅट. आणि शार्प चेडर, म्हणजे जास्त मुरलेलं चेडर चीज, सहा औंस, साधारण १७० ग्रॅम, वडी आणून घरी किसलेलं.

चीज घरी का किसायचं ते सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक शॉर्टकट मारतात. पाकिटातलं किसलेलं चीज एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला सेल्युलोज किंवा बटाट्याचा स्टार्च लावलेला असतो, तो सॉसमध्ये नीट विरघळत नाही, रवाळ लागतं. दोन मिनिटांचं काम आहे, किसणी घ्या आणि टाका किसून.

मॅकरोनी ड्यूरम गव्हाची हवी. इथे सगळीकडे तीच मिळते, पण भारतात करणार असाल तर पाकीट उलटं करून वाचा, मैद्याची असेल तर या पद्धतीत तिचा लगदा होतो, कारण गाळून वाचवायची सोय नसते ना.

चला आता गॅसवर, किंवा माझ्यासारखं अपार्टमेंटमधल्या विजेच्या कॉइलवर.

पॅन आधी तापवायचा. चांगला तापवायचा, पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होऊन उडायला पाहिजे. मग एक चमचा तेल, आणि खिमा अख्खाच्या अख्खा ठेवायचा, हाताने थापून भाकरीसारखा पसरवायचा आणि मग, इथे खरी परीक्षा आहे, हात लावायचा नाही. चार-पाच मिनिटं. आपल्याला सवय अशी की खिमा पडला की लगेच उलथणं घेऊन खटखट सुरू, सारखं हलवलं की पाणी सुटत राहतं आणि मांस त्या पाण्यात शिजतं. नुसतं ठेवलं की खालची बाजू आधी चर्रचर्र आवाज करते, मग आवाज जरा बारीक होतो, कडेने तपकिरी रेघ दिसायला लागते आणि वास बदलतो, कच्च्या मांसाचा वास जाऊन भाजल्याचा येतो. तेव्हा उलथण्याने कडा उचलून बघा, खाली भाकरीच्या पापुद्र्यासारखा गडद तपकिरी रंग आला असेल तर पलटा, तुकडे करा आणि आता काय ती खटखट करून घ्या. सगळीकडून एकसारखा भाजायची गरज नाही, अर्धा खरपूस झाला तरी चव आख्ख्या पॅनला लागते.

मीठ यावेळी अर्धा चमचाच. बाकी शेवटी.

चरबी खूप सुटली असेल तर पॅन तिरका करून दोन चमचे ठेवा, बाकी चमच्याने काढून रिकाम्या डब्यात ओता. सिंकमध्ये ओतू नका. मी पहिल्या वर्षी ओतलं होतं, गरम असताना पाण्यासारखं जातं आणि आत पाइपात जाऊन मेणासारखं घट्ट बसतं, दोन आठवड्यांत सिंक तुंबलं, मेंटेनन्सवाला आला आणि पाइपातून जे काय बाहेर काढलं ते बघून तिघांनी त्या रात्री जेवण केलं नाही. डब्यात गार झालं की थिजतं, मग सरळ कचऱ्यात.

आता त्याच पॅनमध्ये कांदा. खिमा बाजूला काढायची गरज नाही, एका कडेला सारा. कांदा मऊ झाला की लसूण, अर्धा मिनिट, मग टोमॅटो पेस्ट थेट पॅनच्या बुडावर टाकून परता. पेस्ट लालभडक असते, ती दीड-दोन मिनिटांत विटकरी होते आणि तेल सोडायला लागते, मसाला परतताना कडेने तेल सुटतं ना तेच. डब्याचा कच्चा वास त्यातच जातो. मग पॅप्रिका, मोहरीपूड, मिरपूड घाला आणि लगेच पुढचं, कारण पॅप्रिका पटकन करपते आणि करपली की कडू.

पुढचं म्हणजे ब्रॉथ. आधी अर्धा कपच ओता आणि लाकडी उलथण्याने बूड खरवडा. खाली चिकटलेला तो तपकिरी थर दिसतोय ना, बघून वाटतं पॅन जळला, घासायला वेळ लागणार, पण सगळी चव त्यातच आहे, ती ब्रॉथमध्ये सुटली पाहिजे. पॅन पण फुकटात साफ होतो. काळा पडला असेल तर मात्र करपला, तिथे काही इलाज नाही, तो खरवडू नका. मग उरलेला ब्रॉथ, टोमॅटो सॉस, वूस्टरशायर, आणि आधण आलं की मॅकरोनी.

मॅकरोनी पडली की सारखी करा, पाणी तिच्या जेमतेम वर, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त नको. भाताला जसं पेर बुडवून बघतो तसं, फक्त भातापेक्षा कमी. थोडी टोकं वर डोकावत असली तरी हरकत नाही. आच कमी, झाकण, आणि दहा ते बारा मिनिटं. मॅकरोनीच्या पाकिटावर सात-आठ मिनिटं लिहिलेलं असतं पण ते भरपूर उकळत्या पाण्याचं गणित आहे, इथे पाणी कमी आणि त्यात टोमॅटो, म्हणून जास्त लागतं. दर तीन मिनिटांनी एकदा तळापासून ढवळा, नाहीतर बुडाला लागते. झाकण उघडलं की पहिल्यांदा पाणचट दिसेल, सहाव्या मिनिटाला पण सूपच वाटेल आणि तुम्हाला वाटेल की पाणी जास्त झालं, गॅस वाढवून आटवावं. करू नका. नवव्या-दहाव्या मिनिटाला एकदम आळतं. पिठलं कसं, आधी पाणीच पाणी आणि मग बघता बघता पळी उभी राहते, तसं.

एक मॅकरोनी काढून खाऊन बघा, शितावरून भाताची परीक्षा. मध्ये पांढरा ठिपका दिसला आणि दाताला कचकन लागली तर अजून दोन मिनिटं, पाणी आटलं असेल तर पाव कप गरम पाणी. पूर्ण मऊ होईपर्यंत थांबू नका, थोडा चावा ठेवा, उरलेली ती पॅनच्या उष्णतेतच होते.

मांस शिजलं का ही शंका असेल तर, इथलं कृषी खातं बीफ-मटणाच्या खिम्यासाठी १६० फॅरनहाइट सांगतं, म्हणजे ७१ सेल्सियस, टर्की-चिकनच्या खिम्यासाठी १६५, म्हणजे ७४ सेल्सियस, आणि नुसत्या रंगावर जाऊ नका म्हणतं. आपला खिमा आधी परतलाय आणि वर बारा मिनिटं खदखदलाय, बारीक फोडलेला असेल तर तो केव्हाच शिजून पार झालेला असतो. मोठे ढेकूळ राहिले असतील तरच फोडून बघा.

आता शेवटचा टप्पा, इथे मी दोनदा माती खाल्लीय. पहिल्यांदा दूध सुरुवातीलाच ब्रॉथबरोबर घातलं, टोमॅटोच्या आंबटात उकळून ते फाटलं आणि सगळ्यात पनीरचे कण पोहायला लागले. खाल्लं आम्ही, पण बघून कसंतरी वाटत होतं. दुसऱ्यांदा चीज उकळत्या पॅनमध्ये टाकलं, गॅस चालू, वर झाकण, आणि पाच मिनिटांनी बघतो तर एकीकडे तेल आणि एकीकडे च्युइंगगमसारखा गोळा. दोन्हीचं कारण एकच, आच. तर आधी गॅस बंद करा. कॉइलचा शेगडा असेल तर नुसता बंद करून भागत नाही, तो चांगली पाच मिनिटं तापलेलाच राहतो, पॅन उचलून बाजूच्या गार बर्नरवर ठेवा. बुडबुडे पूर्ण थांबू द्या. मग दूध, ते आधीच फ्रीजबाहेर काढून ठेवलेलं असावं, धारेने ओतत ढवळा. मग चीज तीन मुठींत, एक मूठ विरघळली की दुसरी. ढवळताना उलथणं पॅनमधून ओढलं तर मागे वाट दिसावी आणि ती हळूहळू भरावी, एवढं दाट बरोबर. वाट दिसतच नसेल तर पाच मिनिटं झाकून ठेवा, आळेल. वाट भरतच नसेल तर दूध चमचा-दोन चमचे.

आता चव बघा आणि मग मीठ. बहुतेक वेळा लागतच नाही.

इथपर्यंत अमेरिकन झालं, पुढचं आमच्या घरचं. बायको एक हिरवी मिरची कांद्याबरोबर टाकते आणि वरून कोथिंबीर, मी लेकीच्या ताटात मिरची नको म्हणून साधंच करतो आणि माझ्या ताटात वरून लसणाची चटणी घेतो, सुक्या खोबऱ्याची, आणि खरं सांगतो, चेडरबरोबर ती इतकी जमते की बोलायची सोय नाही. गरम मसाला मात्र घालू नका, मी घालून बघितला, ना धड खिमा-पाव ना धड पास्ता, मधलंच काहीतरी होतं. भाजी पोटात जावी असं वाटत असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत फ्रोझन मटार नाहीतर मूठभर पालक. मश्रूम घालायचे तर खिम्याच्या आधी वेगळे परतून काढून ठेवा, ते पाणी फार सोडतात.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यात, आणि तीन-चार दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी डबा उघडलात की सॉस गायब आणि मॅकरोनीची वीट झालेली दिसेल, रात्रभर ती पाणी पीत बसते. ऑफिसला नेताना डब्याबरोबर छोट्या बाटलीत दोन-तीन चमचे दूध न्या, वर शिंपडून झाकण अर्धवट ठेवून मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर, मग ढवळून परत मिनिटभर, पूर्ण पॉवरवर नको, निम्म्यावर, नाहीतर तेच, तेल एकीकडे आणि गोळा एकीकडे. आणि लसणाची चटणी ऑफिसात उघडायची असेल तर खिडकीजवळ बसा.